इंग्रजी शब्दसंपत्ती आणि ललित लेखन

इंग्रजीत कथा, कविता किंवा ललित निबंध लिहू पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, माझी व्होकॅब्युलरी कमी पडते. ॲडव्हान्स्ड शब्द कसे वाढवू?’ प्रश्न रास्त आहे. शब्द हे लेखकाचे भांडवल, आणि परक्या भाषेत लिहावयाचे तर ते कष्टानेच जमवावे लागते. पण या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते, आणि तिच्याकडे आधी पाहावयास हवे. समजूत अशी, की साधा शब्द म्हणजे खालची पायरी, अवघड शब्द म्हणजे वरची पायरी. आणि वरच्या पायरीवरचा शब्द घातला की लेखनही आपोआप वर चढते. म्हणून मग ‘बिगिन’च्या जागी ‘कमेन्स’ येतो, ‘हाउस’च्या जागी ‘रेसिडेन्स’ येतो आणि ‘डाय’च्या जागी ‘एक्स्पायर’ येतो.

श्रोतेहो, हाच न्याय आपण मराठीला लावून पाहू. ‘आजीने दिवा मालवला’ हे एक साधे वाक्य घ्या. आता ते वरच्या पायरीवर नेऊ : ‘मातामहीने दीप निर्वापित केला.’ व्याकरण शुद्ध आहे, एकही शब्द खोटा नाही. पण आजी कुठे गेली? तिचे जुनेर, तिचा सुरकुतलेला हात, वातीचा तो किंचित करपट वास, सगळे त्या वाक्यातून नाहीसे झाले. इंग्रजीत लिहिणारा आपला विद्यार्थी जेव्हा ‘एक्स्टिंग्विश्ड द लॅम्प’ असे लिहितो, तेव्हा बहुधा हेच घडते. कोशात ‘एक्स्टिंग्विश’चा अर्थ ‘विझवणे’ असाच दिलेला असतो. त्यात चूक नाही. पण इंग्रजी वाचकाच्या कानाला त्या शब्दात आगीचा बंब ऐकू येतो, सिनेमागृहाच्या भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे दिसते. आजी दिवा फुंकरीने मालवते, आणि त्याला इंग्रजीत ‘ब्लो आउट’ असा दोन अक्षरांचा घरगुती प्रयोग आहे. मराठीत जो घोटाळा आपल्याला तत्काळ जाणवतो, तो इंग्रजीत जाणवत नाही, एवढाच फरक.

असे का व्हावे? याचे कारण थोडे इतिहासात आहे. १८३५ साली मेकॉलेचा शिक्षणविषयक प्रसिद्ध खलिता लिहिला गेला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि इंग्रजी आपल्याकडे आली ती शाळा, कचेरी आणि कोर्ट या तीन दरवाजांनी. स्वयंपाकघराच्या दाराने ती फारशी आली नाही. त्यामुळे अर्ज, अहवाल आणि परीक्षेतला निबंध यांचे शब्द आपल्याला मुबलक येतात. पण पातेल्यात दूध करपले, लेकराने भोकाड पसरले, दाराची कडी करकरली, हे सांगताना आपण अडखळतो. कथा तर याच गोष्टींनी भरलेली असते. म्हणजे आपली उणीव अवघड शब्दांची नाही. घरातल्या, अंगणातल्या, हातापायांच्या शब्दांची आहे.

आता इंग्रजीच्या घडणीकडे एक नजर टाकू, म्हणजे शब्दाशब्दांतला भेद कुठून आला ते उमजेल. १०६६ साली फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार आणि न्यायालय यांची भाषा फ्रेंच, धर्म आणि विद्येची भाषा लॅटिन, आणि शेतकऱ्याच्या, कारागिराच्या तोंडी मात्र जुनी इंग्रजी, अशी वाटणी राहिली. पुढे हे तिन्ही प्रवाह एकत्र झाले. परिणामी एकाच क्रियेला तीन थरांतले तीन शब्द मिळाले. ‘आस्क’ हा जुना देशी शब्द, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधला. अर्थ तिन्हींचा ‘विचारणे’. पण आई विचारते तेव्हा ‘आस्क’, वरिष्ठ जाब विचारतात तेव्हा ‘क्वेश्चन’, आणि पोलीस कोठडीत विचारतात तेव्हा ‘इंटरॉगेट’. तुमच्या कथेतली आई मुलाला ‘इंटरॉगेट’ करू लागली, तर वाचकाला ती फौजदार वाटेल. आणि तशी ती वाटावी हाच तुमचा हेतू असेल, तर शब्द अगदी चपखल आहे!

मराठी माणसाला हे थर नवे नाहीत. आपल्या भाषेत देशी व तद्भव शब्द आहेत, संस्कृत तत्सम आहेत, आणि राज्यकारभारातून आलेले फारसी-अरबीही आहेत. कोर्टकचेरीचे ‘वकील’, ‘फिर्याद’, ‘कैद’ हे शब्द आपल्याकडे जसे फारसीच्या वाटेने आले, तसेच इंग्रजीत ‘कोर्ट’, ‘जज’, ‘जस्टिस’ हे शब्द फ्रेंचच्या वाटेने आले. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो याच थरांच्या जाणिवेतून. आणि मृत्यूची बातमी सांगताना आपण किती सावध असतो, ते आठवा. कुणी वारले, कुणी निवर्तले, कुणी दिवंगत झाले, कुणी मेला, कुणी खपला, कुणी गचकला. अर्थ एक, पण मेलेल्या माणसाविषयी बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, ते क्रियापदच सांगून जाते. इतका तरतम भाव ज्या कानाला कळतो, त्या कानाला इंग्रजीतलाही कळेल. फक्त तिकडे तो लावला पाहिजे.

मग भारदस्त शब्दांना ललित लेखनात जागाच नाही का? आहे, आणि मानाची आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून करून आलेला नायक आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहतो. तिथे नाटककाराने ‘मल्टिट्यूडिनस’ आणि ‘इनकार्नडीन’ असे दोन लांबलचक, लॅटिन वळणाचे शब्द पाठोपाठ ठेवले आहेत. समुद्राची अफाटता त्या शब्दांच्या लांबीतच ऐकू येते. पण लगेच पुढे एका अक्षराचे, पोरालाही समजणारे रंगांचे शब्द येतात आणि सारे डोळ्यांपुढे उभे राहते. मोठा शब्द शोभला तो शेजारच्या लहान शब्दांमुळे. दागिना एक असला तर नजर त्यावर ठरते. अंगभर घातले तर माणूस सराफाचे दुकान दिसू लागतो.

तेव्हा कथालेखकाने आधी कोणते शब्द शिकावे? माझे उत्तर : क्रियापदे. इथे मराठी आणि इंग्रजी यांच्या स्वभावातला एक भेद फार उपयोगी पडतो. मराठी पुष्कळदा क्रियापद साधे ठेवते आणि क्रियेची रीत शेजारच्या शब्दाने सांगते. मूल दुडुदुडु चालते, दमलेला माणूस पाय ओढत चालतो, दारुडा झोकांड्या खात चालतो, रिकामटेकडा रमतगमत चालतो. इंग्रजी ही रीत क्रियापदाच्या पोटातच घालते. दुडुदुडु चालणे म्हणजे ‘टॉडल’, दमून जड पावलांनी चालणे ‘ट्रज’, झोकांड्या खाणे ‘स्टॅगर’, रमतगमत जाणे ‘सॉन्टर’, जमिनीवर पाय घासत जाणे ‘शफल’, लांब ढांगा टाकणे ‘स्ट्राइड’, चवड्यांवर जाणे ‘टिपटो’. आपला विद्यार्थी मराठीच्या सवयीने सगळीकडे ‘वॉक’ ठेवतो आणि पुढे ‘स्लोली’, ‘प्राउडली’, ‘अनस्टेडिली’ अशी शेपटे जोडीत जातो. वाक्य बरोबर असते, पण चालणारा माणूस दिसत नाही. असे वीस-पंचवीस क्रियापदांचे एक कुटुंब नीट आत्मसात केले, तर शंभर भारी विशेषणांनी होणार नाही एवढे काम होते. चालण्याचे झाले की पाहण्याचे घ्या, मग बोलण्याचे, रडण्याचे, हसण्याचे.

प्रकाशाचेच पाहा ना. मिणमिणणे, लुकलुकणे, लखलखणे, झगमगणे, लकाकणे, चकाकणे ही आपली श्रीमंती. कंदील मिणमिणतो, चांदणी लुकलुकते. यांची अदलाबदल आपण करीत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. क्षीण, थरथरता उजेड ‘ग्लिमर’ करतो. आकाशातली चांदणी ‘ट्विंकल’ करते. तलवारीचे पाते किंवा चष्म्याची काच वळताना क्षणभर चमकते ते ‘ग्लिंट’. निखारा ज्वाळेवाचून धगधगतो ते ‘ग्लो’. तळ्यातले चांदणे हलते ते ‘शिमर’. वाऱ्यावर ज्योत फडफडते ते ‘फ्लिकर’. कोशात या सगळ्यांपुढे ‘चमकणे’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो कोश तुमच्या कामाचा नाही. अगोदर डोळ्यांपुढे वस्तू आणा, तिचा मराठी शब्द ठरवा, आणि मग त्याचा इंग्रजी भाऊबंद शोधा. आपली मराठी या कामी अडसर नसून वाटाड्या आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्दाची सोबत. मराठीत पांढरे शुभ्र असते, काळे कुट्ट असते, हिरवे गार, पिवळे धमक आणि लाल भडक असते. ‘हिरवे कुट्ट’ कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही, याला व्याकरणाचा नियम नाही. भाषेचा सहवास आहे. तीच गोष्ट क्रियापदांची. आपल्याला थंडी वाजते, भूक लागते, घाम येतो आणि ताप चढतो. परदेशी पाहुण्याला थंडी ‘वाजते’ कशी, हे कोणत्या सूत्राने समजावणार? इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो, चहा ‘स्ट्राँग’ असतो, झोप ‘साउंड’ असते, थंडी ‘बिटर’ असते आणि काळोख ‘पिच डार्क’ असतो. ‘पॉवरफुल टी’ म्हटले तर अर्थ कळेल, पण वाचक अडखळेल. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. माणसाप्रमाणे शब्दाचीही पारख त्याच्या संगतीवरून होते, असा विचार त्यांनी १९५७ साली मांडला. नवा शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यांसह करावा, याचे शास्त्रीय कारण हेच.

तिसरी गोष्ट शब्दाच्या मनातली. ‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ हे दोन्ही शब्द मुलावरूनच आले. पण पहिला ‘बालसुलभ’ आणि दुसरा ‘पोरकट’. ‘स्लेंडर’ म्हणजे सडपातळ, ‘स्किनी’ म्हणजे हडकुळा. ‘थ्रिफ्टी’ काटकसरी, ‘स्टिंजी’ चिक्कू. एकच मामा भाच्याच्या डोळ्यांतून चिक्कू असतो आणि मामीच्या डोळ्यांतून काटकसरी! कोण पाहतो आहे हे कथेत महत्त्वाचे, आणि ते असे एका शब्दाने सांगता येते. सारख्या आवाजाच्या शब्दांपासूनही सांभाळून असावे. ‘एमिनंट’ म्हणजे नामवंत, ‘इमिनंट’ म्हणजे लवकरच कोसळणारा. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या १७७५ सालच्या नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाची बाई आहे. मोठमोठे शब्द चुकीच्या जागी ठोकून देण्याची तिला खोड, आणि म्हणून अशा घोटाळ्यांना इंग्रजीत ‘मॅलाप्रॉपिझम’ हेच नाव पडले. तिला शब्द पुष्कळ येत होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे येऊ. त्यासाठी एक चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ हवा, आणि तोही परभाषिकांसाठी केलेला. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसह असा कोश सिद्ध केला. तो तिथे १९४२ साली निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. पुढे ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने तो आपल्या महाविद्यालयांतून घरोघर पोचला. त्यात अर्थाबरोबर वापराचे नमुने दिलेले असतात, आणि तेच मोलाचे. कोशात उदाहरणे द्यावीत ही दृष्टी इंग्रजीत रुजवली ती डॉ. जॉन्सनने. त्याच्या १७५५ सालच्या कोशात शब्दांमागोमाग ग्रंथकारांची अवतरणे आहेत.

पर्यायशब्दांच्या कोशाविषयी मात्र सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. पीटर मार्क रोजे हा व्यवसायाने वैद्य. त्याचा ‘थिसॉरस’ १८५२ साली निघाला. त्यात शब्द अकारविल्ह्याने नसून कल्पनांच्या गटांनी लावलेले आहेत, जसे आपल्या अमरकोशात ते वर्गवार आहेत. अमरकोशात पाण्याची, कमळाची, सूर्याची कितीतरी नावे एकत्र सापडतात. पण म्हणून कुणी तहानलेला माणूस ‘जरा तोय द्या’ असे म्हणत नाही. थिसॉरस हा विसरलेला ओळखीचा शब्द आठवून देण्यासाठी आहे. अनोळखी शब्द तिथून उचलून थेट कथेत बसवू नये. आज हे कोश खिशातल्या फोनमध्ये आले आहेत, एका बोटाच्या स्पर्शाने दहा पर्याय पुढे येतात. त्यामुळे हा मोह वाढला आहे इतकेच.

शब्द खरा भेटतो तो वाचनात. म्हणून एक वही करावी. वाचताना आवडलेला, नेमका वाटलेला शब्द तीत उतरावा. पण एका शब्दाला अर्धे पान द्यावे. तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, त्याचे नेहमीचे सोबती, तो घरगुती की औपचारिक, आदराचा की हेटाळणीचा, त्याचा जवळचा मराठी शब्द आणि तो कुठे अपुरा पडतो, एवढे लिहावे. शेवटी स्वतःच्या आयुष्यातले, आपल्या गल्लीतले, आपल्या माणसांविषयीचे एक वाक्य त्या शब्दाने करावे. आठवड्याला तीन शब्द पुरेत. वर्षाकाठी दीडशे होतात, आणि दीडशे हक्काचे शब्द ही लहान दौलत नव्हे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नव्याने शिकलेले बरेचसे पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटते, असे त्यांत दिसले. तेव्हा वही दुसऱ्या दिवशी उघडावी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा हे फळते.

वाचताना ओळखता येणारे शब्द आणि लिहिताना हाताशी येणारे शब्द, असे दोन साठे प्रत्येकाजवळ असतात. पहिला नेहमीच मोठा असतो, आणि त्यात वावगे काही नाही. पाहुण्याची नुसती ओळख झाली म्हणून त्याला लगेच कुणी घरच्या कामाला लावत नाही. शब्द तीन-चार निरनिराळ्या लेखकांच्या हातून भेटला, की मग तो वापरावा.

एक अडचण मात्र कोणताही कोश सोडवू शकत नाही. ‘माहेर’ला इंग्रजीत काय म्हणाल? ‘उष्टे’ला काय म्हणाल? इथे इंग्रजी शब्दाचा हट्ट धरू नये. आपलाच शब्द ठेवावा आणि वाक्यच असे रचावे, की अर्थ आपोआप उमगेल. बाई दिवाळीला माहेरी निघाली आहे, आई दारात वाट पाहते आहे, असे लिहिले की टीप कशाला हवी? इंग्रजीने आपले शब्द घेतलेले आहेतच. १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश अशाच शब्दांचा आहे, आणि इंग्रजांचा ‘मंगूस’ हा आपल्या मुंगसाचाच अवतार.

परभाषेत लिहून नाव मिळवलेल्यांकडे पाहिले तर हेच दिसते. जोसेफ कॉनरॅड जन्माने पोलिश. विशीत ब्रिटिश जहाजांवर काम करता करता तो इंग्रजी शिकला, आणि १८९५ साली त्याची पहिली कादंबरी निघाली. दोर, शिडे, वारा, वादळ यांचे शब्द त्याला कोशाआधी हाताने माहीत झाले होते. आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ सालची. तिची इंग्रजी शाळकरी मुलालाही वाचता येईल, आणि तरी मालगुडी हे गाव जगभर पोचले. आपले अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहीत. त्यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह १९७६ साली आला आणि १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. खंडोबाच्या डोंगरावरचे दगड, दरवाजे आणि पुजारी त्यांनी ज्या शब्दांत उभे केले, त्यांतले बहुतेक शब्द आपल्या कोणत्याही पदवीधराला येतात. त्यांची नजर मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.

तेव्हा, श्रोतेहो, ज्यांना इंग्रजीत लिहावयाचे आहे त्यांनी या आठवड्यात एक प्रयोग करून पाहावा. तिन्हीसांजेला आपल्याच घराच्या दारात दहा मिनिटे बसा. जे घडते ते मराठीत लिहा : कोण आले, कसे आले, काय वाजले, काय चमकले, कुणी कुणाला हाक मारली. क्रियापदांखाली रेघ ओढा. मग त्यांतल्या तीनच क्रियापदांचे इंग्रजी सोबती शोधा, वहीत नोंदवा आणि तो परिच्छेद इंग्रजीत लिहून मोठ्याने वाचा. ज्या शब्दापाशी जीभ किंवा कान अडखळेल, त्या शब्दाची पुन्हा चौकशी करा. आणि वाचून झाल्यावर दारातली माणसे तुम्हाला पहिल्यासारखीच दिसत असतील, तर शब्द बरोबर सापडले असे समजा.